गच्चीवरचं सोलर फोटो-फेंटन युनिट: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि पितळी नळ

सॅम्पलचा नळ परत गळायला लागला आणि सर्व्हिसवाला फोनवर म्हणाला, "साहेब, तो भाग वॉरंटीत येत नाही." म्हणून आज लिहायला बसलो.

हे युनिट ऊन, हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि पेरॉक्साइड यांच्या जोरावर रंगाईच्या सांडपाण्यातला रंग तोडतं. नळ्या, आरसे, पंप हे सगळं तुम्ही ब्रोशरमध्ये पाहिलेलंच असेल, ते सोडतो. मकरपुऱ्याला आमचं सुती ओढण्यांचं छोटं डाइंग आहे, रंग सगळे रिॲक्टिव्ह, म्हणजे मीठ आणि सोडा ॲश घालून सुतात पक्के बसवायचे.

आधी कौतुक. वडोदऱ्याचं मे महिन्यातलं जे ऊन आपण शिव्या घालत काढतो, ते इथे फुकटचा कामगार आहे. सकाळी गर्द जांभळं पाणी चढवलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत फिक्कं पिवळं. ब्लीचिंगसाठी पेरॉक्साइड घरात असतंच, हिराकसही स्वस्त. ढगाळ दिवशी काम थांबत नाही, पण रेंगाळतं.

खर्च ॲसिडचा आहे. सोडा ॲशमुळे आमचं पाणी 11 पीएचच्या आसपास, आणि प्रक्रियेला हवा 3 च्या जरा खाली. 4 च्या वर गेलं की लोखंड गाळ होऊन बसतं आणि ऊन वाया. म्हणजे आधी ॲसिड ओतून खाली आणा, मग चुना घालून वर चढवा, आणि उरलेला लोखंड-जिप्समचा गाळ गोण्यांत भरून धोकादायक कचऱ्यात द्या. ब्रोशरमध्ये या गोण्यांचा फोटो नाही.

पावसाळ्यापर्यंत मी याला नापासच करणार होतो. रंग गेलेला, पण लॅबच्या रिपोर्टात सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) आधीपेक्षा जास्त! कंपनीने खापर आमच्या पाण्यावर फोडलं. शेवटी आमच्या जुन्या रंगारी काकांनी पेरॉक्साइडची पट्टी बुडवली, ती गडद निळी झाली. सीओडीच्या टेस्टमध्ये किती डायक्रोमेट खर्च झालं त्यावरून घाण मोजतात; उरलेलं पेरॉक्साइडही ते डायक्रोमेट खातं आणि आकडा फुगतो. ब्लीचनंतर वापरतो तोच पेरॉक्साइड-किलर एन्झाइम चुन्यानंतर, पाणी न्यूट्रल झाल्यावर घातला, तर सीओडी 250 च्या आत. तेव्हापासून मत बदललं. मात्र मीठ जसंच्या तसं राहतं. तेच पाणी परत रंगाईला घ्यायचं असेल तर आरओशिवाय सुटका नाही.

आता नळ. एवढी महागडी जर्मन पद्धतीची काच लावली आणि सॅम्पल काढायला लावला पितळी कॉक! आत 3 पीएच, भरपूर मीठ, वर पेरॉक्साइड. पितळेचं काय होणार? कडेने हिरवं पाणी झिरपतं, दांडा फिरवला की भुसा हाताला लागतो, आणि त्यातलं तांबं आमच्याच सॅम्पलमध्ये उतरतं. कंपनी सुटा नळ देत नाही, 'असेंब्ली' घ्या म्हणते. त्या कोटेशनमध्ये मी ॲसिडचे कॅरबॉय आणले असते. हार्डवेअरच्या दुकानातून पीपीचा (प्लास्टिकचा) बॉल व्हॉल्व्ह आणून स्वतः बसवला, थेंब गळत नाही. त्यावर सर्व्हिसवाला म्हणाला, बाहेरचा भाग लावलात, आता पंपाचीही वॉरंटी गेली. जाऊ दे.

घेणार असाल तर घ्या, पण ऑर्डरवर लिहून घ्या की ओल्या भागात पितळ चालणार नाही, आणि ॲसिड-चुन्याचा हिशोब आपल्या पाण्यावर करून मागा. उत्तरायणाच्या आधी नळ्यांवर जाळी घालायची तीही तुमची तुम्हालाच आणावी लागेल. पतंगाची फिरकी पडून काच फुटली तर तीही वॉरंटीत नाही, हे विचारून ठेवलंय.