वारली शिकवायचीय, तर पाड्यावर न्यायचं की कलाकाराला शाळेत बोलवायचं?

दप्तराविना दहा दिवसांचं नियोजन करायची वेळ आली की आमच्या स्टाफरूममधे हा विषय हमखास निघतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी हे दहा दिवस आले, त्यात स्थानिक कारागीर-कलाकारांकडून शिकायचं असंही म्हटलंय, मग ठाण्या-पालघरकडच्या कुठल्याही ड्रॉइंग टीचरला आधी वारलीच आठवणार ना. मी दोन्ही प्रकार करून बघितलेत म्हणून लिहितोय. तयार किट आणि स्टेन्सिलवाला तिसरा प्रकार असतो तो सोडून देऊ, त्यात मुलं दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडायला शिकतात आणि घरी जातात.

आधी पाड्याबद्दल. डहाणूच्या बाजूला आमची सातवीची मुलं घेऊन गेलो होतो. घोडबंदरचं ट्रॅफिक, चारोटीपर्यंत तिघांच्या उलट्या, हे सगळं धरूनच चाला. वेळेचं गणित पण कठीण आहे, पावसात भाताची आवणी (लावणी) चालू असते तेव्हा तुमच्या सहलीसाठी कुणाला फुरसत नसते आणि दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्ट्यांवर कामाला निघून जातात, म्हणजे भात निघाल्यापासून माणसं बाहेर पडेपर्यंत जे काही दिवस मिळतील तेवढेच. पण गेलात तर जे दिसतं ते दिसतंच. त्या पाड्यात बहुतेक घरकुलं झालीत, सिमेंटच्या भिंती, पण एक जुनं कारवीच्या कुडाचं घर होतं, आत शिरल्यावर आधी काहीच दिसेना आणि मग अंधाराला डोळे सरावले तसं गेरूवरचं पांढरं हळूहळू वर यायला लागलं. मुलं चक्क गप्प झाली, आमची मुलं! आणि तारपा, त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. भोपळा, बांबू, मेण एवढं सांगून त्याचा आवाज कळत नाही, तो जवळ उभं राहूनच ऐकायला लागतो. नाचणारे वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत हे चित्रात शंभरदा बघितलेलं असतं, पण रांगेत स्वतः हात धरून गोल फिरल्यावर मुलांना ते वेगळंच कळलं. हे शाळेच्या हॉलमधे होत नाही, मान्य.

तर मग अडलं कुठे? पिशव्यांवर.

सहलीच्या आदल्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की "तिकडे जाताच आहात तर जुने कपडे पाठवू का". मी नको म्हणालो नाही. चांगल्या मनाने देतायत, आपण कशाला मोडता घाला, असं वाटलं. झालं, बसच्या मागच्या सीटवर पिशव्यांचा ढीग, वर बिस्किटांचे बॉक्स. तिथे पोचल्यावर कलाकार दादांनी मांजरपाट अंथरून तांदळाचं पीठ कालवायला घेतलं होतं, तेवढ्यात आमच्यातल्या एका उत्साही मॅडमनी पाड्यातली पोरं रांगेत उभी केली, आमच्या मुलांच्या हातात पुडे दिले आणि वाटप सुरू, फोटो सुरू. दादांची मुलगी सातवीतच होती, म्हणजे आमच्या मुलांच्याच वयाची. तिला तिच्याच वयाच्या मुलाने पुडा दिला. ती आत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. पुढे दोन तास चित्रं झाली, नाच झाला, सगळं छान झालं आणि परतताना बसमधे एका मुलाने मला विचारलं, "सर, ते लोक एवढे गरीब असून इतकी छान चित्रं कशी काढतात?"

त्या "असून" मधे माझी अख्खी सहल बुडाली. पोराची चूक नाही हो, आपण सकाळपासून त्याला तेच तर शिकवलं होतं. तुमच्या शाळेत असं होईलच असं नाही, तुमचे पालक समजूतदार असतील, तुम्ही माझ्यापेक्षा खमके असाल. पण मला ते आजही टोचतं.

पुढच्या वर्षी त्याच दादांना आणि वहिनींना शाळेत बोलावलं. आता इथलीही कटकट सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. तांदळाचं पीठ गेरूवर ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर पांढरं उठून येतं. आपली तासिका पस्तीस मिनिटांची. मुलांना वाटतं उमटलंच नाही, ती पुन्हा पुन्हा गिरवतात, थर चढतो, घंटा होते आणि पुढच्या तासाला गणिताचे सर दारात उभे. म्हणून बरेच जण पांढऱ्या पोस्टर कलरवर येतात, मग ब्रशही आपला नेहमीचा येतो आणि बांबूची टोक ठेचलेली काडी बाजूला पडते. मी भांडून चार शनिवार मागून घेतले, सलग अर्धा दिवस. मुख्याध्यापकांनी चित्राखाली सारवायच्या शेणाला नकार दिला, गेरूवर तडजोड झाली, ठीके.

पण दुसऱ्या शनिवारी जे झालं ते मला पाड्यावर मिळालं नव्हतं. मी आगाऊपणे फळ्यावर लिहून ठेवलं होतं, "आज लग्नचौक", म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र. दादा हसले आणि म्हणाले, चौक नको, तो लग्नाचा असतो. मग वहिनी पुढे आल्या, पहिल्यांदाच एवढ्या बोलल्या, की चौक सुवासिनी काढतात, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई गाणी म्हणते, मधे पालघट देवी असते, तो असा कुठेही काढायचा नसतो. मुलं ऐकत राहिली. हे मुळात बायकांच्या हातचं काम, सत्तरच्या दशकात कागदावर आलं आणि जिव्या सोमा म्हसेंसारख्या पुरुषाने ते जगभर नेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे मी आधी कितीदा सांगितलं असेल, पण वहिनींनी "नको" म्हटल्यावर ते मुलांना खरं वाटलं. मग सगळ्यांनी भातझोडणी काढली. एक मुलगा आपला कागद घेऊन गेला आणि म्हणाला, "सर, माझ्या माणसाचं डमरू का होतंय?" दादांनी त्याचा हात धरून कमरेचं टोक बारीक करून दाखवलं.

"सर" मला नव्हे हां, दादांना. ते टेबलाशी आणि मी मागच्या बाकावर.

म्हणजे तुमच्याकडे एकच दिवस असेल, मुलं थोडी असतील आणि पालकांना आवरायची तयारी असेल तर पाडा वाईट नाही, अंधारातली ती भिंत शाळेत आणता येत नाहीच. पण पहिल्यांदाच करणार असाल तर मी म्हणेन आधी शाळेत बोलवा. मानधन आधी बोलून ठरवा, सोबत घरातल्या बाईमाणसालाही मानधन देऊन बोलवा, नाहीतर अर्धी गोष्ट कळतच नाही. आणि पैसे त्याच दिवशी हातात द्या, बिलं पास व्हायला आपल्याकडे किती लागतात माहितीये.

यंदा त्या चार शनिवारांनंतर ज्यांना मनापासून यायचंय अशा अकरा मुलांना घेऊन पाड्यावर जातोय. बसमधे चढायच्या आधी पिशव्या मी स्वतः तपासणार आहे.