किशोरवयीन मुलांची गटसत्रे : पुण्यातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

नववीतला आमचा मुलगा क्लास बुडवून मित्रांबरोबर टपरीवर मावा खातो, हे कळल्यावर आम्ही त्याला पुण्यातील एका समुपदेशन केंद्राच्या गटसत्रांना घातले. तेथे येणाऱ्या मुलांची ओळख जपली जावी म्हणून केंद्राचे नाव देत नाही.

या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे गटाची रचना. ज्यांच्या वागण्याबद्दल तक्रारी आहेत अशी मुले तेवढी एकत्र बसवण्याऐवजी येथे त्यांच्याबरोबर केवळ संवादकौशल्ये शिकण्यासाठी आलेली मुलेही असतात, आणि हा भेद मुलांना सांगितला जात नाही. ही खबरदारी अनाठायी नाही. टॉमस डिशन, जोन मकॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलाँ यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार, अमेरिकेत वाईट वळणाला लागण्याचा धोका असलेल्या मुलांना एकत्र बसवून प्रशिक्षण दिले असता त्यांचे तंबाखूसेवन आणि शिक्षकांनी नोंदवलेले गैरवर्तन कमी होण्याऐवजी वाढले. डिशन यांनी त्याआधी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या मित्राशी चाललेल्या गप्पांचे चित्रीकरण करून पाहिले होते. नियम मोडल्याच्या किश्श्यांना जेथे हसून दाद मिळत होती, तेथे पुढे व्यसनाकडे वळण्याचे प्रमाण अधिक आढळले.

ही दाद कशी रोखायची, हे येथील समुपदेशक ताईंना नेमके ठाऊक आहे. पालकांसाठी खुल्या असलेल्या सत्रात एका मुलाने शाळेला दांडी मारून सिनेमा पाहिल्याचा किस्सा रंगवून सांगायला घेतला आणि दोघे-तिघे खिदळले. ताई रागावल्या नाहीत. ‘मग दुसऱ्या दिवशी बाईंना काय सांगितलंस?’ एवढेच त्यांनी विचारले. तो अडखळला, हशा ओसरला, आणि ताईंनी बोलणे अलगद शेजारच्या मुलाच्या कबड्डीच्या सरावाकडे वळवले. ‘घे रे, एवढ्याशानं काय होतंय,’ असा आग्रह करणाऱ्या मित्राला मैत्री न तोडता नकार कसा द्यावा, याचाही मुले आळीपाळीने सराव करतात.

पालकांसाठीची बाजू मात्र लंगडी वाटली. हाती दिलेल्या पुस्तिकेत ‘वाईट संगत ताबडतोब बंद करा’ असा सरसकट सल्ला आहे, तर नेदरलँड्समधील मुलांवरच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांच्या अशा मनाईनंतर मुलांचा वाईट वळणाच्या मित्रांशी संपर्क वाढल्याचे आढळले होते. शिवाय संगत मुलाला घडवते तसे मूलही संगत निवडते. आमचा मुलगा गणितात मागे पडला, वर्गात एकटा पडला आणि त्यानंतर त्या कंपूत गेला. तो तेथे का गेला, याची चौकशी केंद्राने पहिल्याच भेटीत करायला हवी होती. ती आम्ही विषय काढल्यावर झाली. पालकसभा बुधवारी दुपारी असल्याने नोकरदार पालकांना जवळजवळ बंदच आहे.

मुलगा आता क्लास बुडवत नाही आणि मावा सुटल्याचे सांगतो. त्याच्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवला आहे. जुन्या मित्रांपैकी एकाशी त्याची मैत्री टिकून आहे, तो मित्र आमच्याकडे जेवायलाही येतो. फी आम्हाला रास्त वाटली. असे गटसत्र शोधणाऱ्या पालकांनी नाव नोंदवण्यापूर्वी गटात कोणती मुले एकत्र बसवली जातात, हे अवश्य विचारावे, आणि उत्तर गोलमोल मिळाले तर वैयक्तिक समुपदेशनाचा पर्याय घ्यावा.