लॅपटॉपची घरघर ऐकून ‘हार्ड डिस्क गेली’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

पुण्यात राहणाऱ्या माझ्या ताईकडून एका दुरुस्तीच्या दुकानाने साडेसात हजार रुपये उकळले. बिघाड पंख्यात होता, बदलली हार्ड डिस्क. तीही वापरलेली.

ताई घरी शिकवण्या घेते. लॅपटॉप आठ वर्षांचा. चालू केला की घरघर सुरू व्हायची आणि व्हिडिओ लावला की वाढायची. दुकानातल्या माणसाने तो कानाशी धरला आणि म्हणाला, "मॅडम, हार्ड डिस्क चाललीय. आज इथेच ठेवा, घरी नेईपर्यंत डेटा उडेल." त्यात तिच्या सगळ्या प्रश्नपत्रिका आणि आमच्या बाबांचे शेवटच्या वर्षांतले फोटो होते. मग लॅपटॉप घरी परत कोण नेईल? डिस्कचे साडेचार हजार, डेटा रिकव्हरीचे तीन हजार. हातात कच्ची पावती. तिच्यावर ना जीएसटी नंबर, ना डिस्कचा सीरियल नंबर.

थोडे दिवस शांततेत गेले आणि घरघर परत आली. आता दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड. तेव्हा तिने मला फोन केला.

मी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाकून बघितलं. ‘नवी’ डिस्क आधीच १९ हजारांहून जास्त तास चाललेली होती. वर्षाचे तास होतात ८,७६०, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ रात्रंदिवस. (हे तास पुसून शून्यही करता येतात, त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.) जुनी डिस्क मागितली तर "भंगारात गेली". ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच्यासमोर लावायला घेतला, तेव्हा ती ड्रॉवरमधून निघाली. यूएसबी केसमध्ये घालून लॅपटॉपला बाहेरून जोडली. एकही खराब सेक्टर (डिस्कवरचा न वाचता येणारा तुकडा) नाही, सगळ्या फाइली जागच्या जागी. तीन हजारांची रिकव्हरी म्हणजे निव्वळ कॉपी-पेस्ट!

दुसऱ्या मेकॅनिकने आमच्यासमोर लॅपटॉप उघडला. पंख्याचं बेअरिंग झिजलं होतं आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) जाळीत धूळ नमद्यासारखी बसली होती. पंखा, सफाई आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) मिळून बाराशे रुपये लागले.

कान देऊन ऐकलं तर हा फरक घरीच कळतो. पंख्याचा आवाज उष्णतेबरोबर चढतो-उतरतो, लॅपटॉप तिरका केला की बदलतो. बिघडणारी हार्ड डिस्क ठरावीक अंतराने टक्-टक् करते, आणि त्याच वेळी फाइल उघडताना सगळं अडकतं. तसं होत असेल तर मात्र खरंच थांबा. मशीन पुन्हापुन्हा चालू करू नका, महत्त्वाच्या फाइली आधी काढून घ्या. आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये फक्त एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी नव्या प्रकारची डिस्क) असेल, तर तिच्यात हलणारा भागच नसतो. ती घरघरतेय असं कोणी सांगितलं, तर लॅपटॉप उचला आणि बाहेर पडा.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती त्या भीतीची. डेटा जाईल म्हटलं की माणूस भाव विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून दुकानात जाण्याआधीच बॅकअप घ्या. डिस्कचा सीरियल नंबर त्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसतो, त्याचा फोटो काढून ठेवा. काढलेला भाग परत हवा, हे लॅपटॉप देतानाच सांगा.

१९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पावती, स्क्रीनशॉट आणि दुसऱ्या मेकॅनिकने लिहून दिलेला कागद जोडला आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. नाहीच मिळाले तर ताई जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.