एमजीबीचा काटा खाली येतोय: तेल, व्हॉल्व्ह, पंप, बेअरिंग की पूर्ण इंजिन?

तासभर हायवेला पळवून गाडी सिग्नलला उभी केली की ऑइल प्रेशरचा काटा ५० पौंडांवरून (दर चौरस इंचाला) घसरतो आणि १०च्या आसपास थरथरत राहतो. एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हे दिसतं, आणि मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो जाड तेल घाल, दुसरा म्हणतो स्प्रिंग बदल, तिसरा म्हणतो आता इंजिनच उतरव. प्रत्येकाचा उपाय कुणाच्या तरी गाडीला लागू पडलेला असतो, म्हणून तो छातीठोकपणे बोलतो. तुमच्या गाडीला कुठला लागू पडेल आणि कोणत्या उपायाला किती पैसा आणि किती शनिवार-रविवार लागतील, ते इथे मांडतो.

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडे १९७२ची एमजीबी जीटी आहे. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे या इंजिनाचे सुटे भाग आजही सहज मिळतात. आणि हे इंजिन आपल्याला परकं नाही. अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सीरिज घराण्यातलं. एमजीबीचं १७९८ सीसीचं म्हणजे त्याचाच थोरला भाऊ. कोल्हापूरला मामाची अँबॅसडर सांभाळणारे फिटर इंजिन खोलण्याआधी तेलाची काडी बघायचे, दोन बोटांत तेल चोळून बघायचे, मगच बोलायचे. तोच क्रम इथेही धरायचा.

आधी काटा खरं बोलतोय का?

बहुतेक एमजीबींमध्ये इंजिनापासून मीटरपर्यंत बारीक नळीतून तेलच जातं. अमेरिकेला गेलेल्या काही गाड्यांत विजेवरचा सेंडर (दाब मीटरला कळवणारा भाग) असतो आणि तो खोटं सांगू शकतो. म्हणून एक पैसाही खर्च करण्याआधी ब्लॉकला तपासणीचा मीटर थेट लावून तीन आकडे लिहून घ्या: इंजिन थंड असताना आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू), पूर्ण तापल्यावर आयडलला आणि तापलेलं असतानाच ३००० आरपीएमला. मॅन्युअलप्रमाणे तापलेल्या इंजिनात चालताना ५० ते ८० आणि आयडलला १० ते २५ पौंड हवेत. म्हणजे सिग्नलवरचे १० पौंड हे खालच्या टोकाला असले तरी हद्दीत आहेत. वेग घेताच काटा झटकन ५०च्या वर जात असेल आणि खालून ठकठक येत नसेल, तर गाडी चालवा आणि दर महिन्याला आकडे लिहीत जा. याउलट तापल्यावर ३००० आरपीएमलाही ३०-३५च दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आणि ठोके ऐकू येत असतील तर गाडी आत्ताच बंद करा आणि ट्रकवर घालून घरी आणा.

(ती नळी ब्लॉकपाशी रबराची असते. जुनी असेल तर कारण न शोधता बदला. ती फुटली तर बेअरिंगं चांगली असूनही तेल संपून इंजिन जातं.)

जाड तेल की योग्य तेल

या इंजिनाला साधं मिनरल २०डब्ल्यू-५० लागतं. आधीच्या मालकाने आधुनिक गाडीचं पातळ ५डब्ल्यू-३० भरलं असेल, तर नुसतं तेल आणि फिल्टर बदलूनही काटा वर येतो, आणि तो खरा इलाज असतो. पण २०डब्ल्यू-५० असूनही प्रेशर कमी आहे म्हणून ६०चं तेल घालणं ही फक्त झाकपाक. थंडीतल्या सकाळी असं तेल हलतच नाही. काटा वर आणि बेअरिंगं मात्र कोरडी, अशी स्थिती होते. गाडी विकायला निघालेल्याकडे फार सुंदर प्रेशर दिसलं तर आत कुठलं तेल आहे ते जरूर विचारा.

रिलीफ व्हॉल्व्ह: सगळ्यात स्वस्त, आणि ज्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज

ब्लॉकच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, एक घुमटाकार नट असतो. त्याच्या मागे स्प्रिंग आणि प्लंजर. प्रेशर ७० पौंडांच्या आसपास गेलं की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा तेल परत चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) सोडतो. म्हणजे तो प्रेशर तयार करत नाही, फक्त त्याची वरची मर्यादा ठरवतो. तापल्यावर तुमचं प्रेशर ३५च्या वर जातच नसेल, तर धडधाकट व्हॉल्व्ह उघडतच नाही. मग नवी स्प्रिंग घालून फरक कसा पडणार? फरक पडतो तो दोनच प्रसंगी: स्प्रिंग खचून खूप आखूड झाली असेल (मोकळी लांबी ७६ मिलिमीटर असायला हवी), किंवा प्लंजरखाली कचरा अडकून तो पूर्ण बसत नसेल. दुसऱ्या प्रसंगी तेल कायम गळत राहतं आणि आयडललाही प्रेशर मिळत नाही.

नवा प्लंजर आणि स्प्रिंग मिळून हॉटेलातल्या एका जेवणाइतका खर्च, आणि काम एका संध्याकाळचं. म्हणून काहीही मोठं करण्याआधी हे कराच. फक्त स्प्रिंगखाली वॉशर घालून ती ताठ करू नका. माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी तेच करून ठेवलं होतं: थंड असताना ९५ पौंड, तापल्यावर आयडलला ८. पहिल्याच डिसेंबरात एका सकाळी फिल्टरचं रबरी रिंग बाहेर फेकलं गेलं आणि अंगणभर तेल झालं. बेअरिंगं होती तशीच झिजलेली राहिली.

पंप की बेअरिंग

खरा निर्णय इथे आहे, आणि काटा इथे मदत करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगमधल्या फटींनी त्या तेलाला अडवल्यामुळे. फट दुप्पट झाली तर तेवढ्याच प्रेशरला आठपट तेल निसटतं, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून कित्येक वर्षं हळूहळू खाली येणारा काटा शेवटी भराभर पडल्यासारखा वाटतो. पंप झिजला तरी तापलेल्या आयडलला हेच दिसतं आणि बेअरिंग झिजलं तरी हेच.

केवळ पंप बदलण्याचा मोह होतो, कारण तो भाग तसा स्वस्त. पण तो बसतो चेंबरच्या आत, आणि चेंबरच्या खाली क्रॉसमेंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा आडवा दांडा. इंजिनाचे माउंटिंग सोडून ते जरा वर उचलल्याशिवाय चेंबर निघत नाही. हा सगळा खटाटोप एकच आहे, मग तुम्ही पंप बघा किंवा बेअरिंगं. म्हणून माझं मत ठाम आहे: चेंबर उतरवलं की एक बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग) आणि मधलं मेन (क्रँकशाफ्टला धरणारं) बेअरिंग उघडून बघितल्याशिवाय ते परत लावू नका. शेल (बेअरिंगचा अर्धगोल पत्रा) राखाडी आणि गुळगुळीत असेल, तर पंप मोजा. रोटरच्या पाळ्यांमधली फट ०.१५ मिलिमीटरच्या वर किंवा बाजूची मोकळीक ०.१२७च्या वर असेल तर पंप दोषी. माझ्या अनुभवात बेअरिंग आधी जातं. पंप सतत तेलात बुडालेला असतो, त्याला झिजायला वेळ लागतो.

शेलमधून तांब्याचा रंग दिसायला लागला असेल तर शेल बदलावेच लागतील. गाडीखाली झोपून चारही बिग एंड बदलता येतात. मेनचे वरचे शेलही क्रँक फिरवून सरकवत काढता येतात, पण पुढची आणि मागची कॅप इतकी घट्ट असते की पुलर लागतो. हा उपाय दोन-तीन सुट्यांचा. आणि तो टिकतो तो एकाच अटीवर: क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) गोल हवा आणि त्यावर नखाला लागेल असा ओरखडा नको. मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजा. जर्नल अंडाकृती असेल तर नवे शेल घालून तुम्ही फक्त काही महिने विकत घेता.

इंजिन उतरवणं

जर्नल खराब निघाला तर प्रश्न संपला. क्रँक ग्राइंडिंगला जाईल, १०, २० किंवा ३० हजारांश इंच कमी मापाचे शेल येतील, आणि त्याच वेळी कॅमशाफ्टची बेअरिंगं बदलता येतील. तीही तेल गळू देतात आणि चेंबर उतरवून ती सुटत नाहीत. बेअरिंगं बदलूनही प्रेशर न आलेल्या कित्येक गाड्यांचं उत्तर तिथेच असतं. खर्च हजारो पौंडांत जाऊ शकतो आणि हिवाळा गॅरेजमध्ये जातो.

तयार बदली इंजिन आठवड्यात बसतं, पण आत काय केलंय ते कागदावर मोजमापांसह मिळत नसेल तर मी घेणार नाही. शिवाय गाडीचा मूळ इंजिन नंबर जातो, आणि पुढे विकताना त्याची विचारणा होते. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर स्वतःचं इंजिन करून घ्या. वर्षाला हजारभर मैलच चालवायची असेल आणि जर्नल चांगला असेल, तर शेल आणि पंप एकत्र बदलून मोकळे व्हा. मी तेच केलं. आता तापल्यावर आयडलला २० आणि धावताना ६० दिसतात.

पंपाला हात लावलात तर बसवताना त्यात तेल आणि व्हॅसलिन भरा, मग चारही प्लग काढून स्टार्टर फिरवा, काटा हलेपर्यंत. या इंजिनात कोरडा पंप तेल ओढायला नकार देतो हे सगळ्या जुन्या फिटरांना माहीत आहे. काटा हलला नाही तर प्लग लावायचे नाहीत.