सेंटर स्नॉर्केल: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सेंटर स्नॉर्केल, म्हणजे चेहरा पाण्यातच ठेवून श्वास घेता यावा म्हणून तोंडात धरायची, कपाळावरून वर जाणारी ही नळी घ्यावी का, असं विचारणारे बहुतेक जण मोठेपणी फ्रीस्टाईल शिकलेले असतात. तक्रारही ठरलेली: एका लॅपमध्ये दम लागतो, पाय बुडतात, हात मारूनही अंतर कापलं जात नाही. आठवड्यातून तीन दिवस, 25 मीटरच्या पूलमध्ये सहा महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की नळी तंत्र शिकवत नाही. ती श्वासाची धांदल बाजूला काढते आणि उरलेल्या चुका उघड्या पाडते. तेवढ्यासाठी ती घ्यावी. आयता वेग मिळेल या आशेने घेणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.

आधी कॅप, मग गॉगल, सगळ्यात शेवटी नळीचा पट्टा. कपाळावरची पट्टी भुवयांच्या दोन बोटं वर हवी. गॉगलला टेकली की गॉगलमध्ये पाणी झिरपतं. तोंडातला रबरी भाग दातांनी आवळायचा नाही, ओठांनी मिटायचा. जबडा दुखत असेल तर तो चावला जातोय, किंवा पट्टा सैल असल्यामुळे हलणारी नळी दातांनी धरून ठेवावी लागतेय.

पहिल्या आठवड्यात हमखास नाकात पाणी जातं. नाक उघडं असतं आणि तोंडाने श्वास ओढताना नाकही नकळत ओढतं. उथळ पाण्यात कठडा धरून उभं राहायचं, चेहरा पाण्यात घालायचा आणि वीसेक श्वास घ्यायचे: आत फक्त तोंडाने, बाहेर तोंडाने आणि थोडा नाकाने. हे जमल्याशिवाय पोहायला सुरुवात केली तर ठसका ठरलेला. नोज क्लिप चालते, पण तीही दोन-तीन आठवड्यांत काढून टाकावी. क्लिप असताना पाण्यात नाकाने हवा सोडायची सवय लागत नाही आणि नळी काढल्यावर तीच सवय हवी असते.

नळीत दम जास्त लागतो, ही तक्रार खरी आहे. आतून 2 सेंटीमीटर रुंद आणि 45 सेंटीमीटर लांब नळीत साधारण 140 मिलिलिटर हवा मावते. उश्वासानंतर नळीत उरलेली ही वापरलेली हवा पुढच्या श्वासात आधी परत आत येते, आणि श्वास उथळ असला की तिचा वाटा वाढतो. म्हणून श्वास सावकाश आणि खोल, उश्वास पूर्ण. नळीच्या तोंडावर बसवायची, हवा कमी करणारी टोपणं मिळतात. या टप्प्यावर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता खरा फायदा. मान वळवावी लागत नसल्याने दोन्ही हात पाण्यात शिरताना दिसतात. सर्रास दिसणारी चूक म्हणजे हात डोक्यासमोर मध्यरेषा ओलांडून पलीकडे पडतो. त्यामुळे कंबर सापासारखी हलते, पाय तोल सावरायला कात्रीसारखे फाकतात आणि दोष किकला दिला जातो. हात खांद्याच्या रेषेत टाकायचा. सवय मोडेपर्यंत तो जरा जास्तच बाहेर पडतोय असं वाटेल, ते चालेल.

दुसरी चूक जास्त महाग पडते. पुढचा हात सरळ ठेवून पाणी खाली दाबलं जातं. नळीशिवाय श्वास घेताना हे जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण डोकं वर काढायला आधार हवा असतो. पण खाली दाबलेलं पाणी छाती उचलतं, पाय बुडवतं, पुढे काहीच नेत नाही. नळी लावल्यावरही हात खालीच दाबला जात असेल, तर दोष श्वासाचा नसून हाताचाच आहे. हा निवाडा दुसऱ्या कुठल्या साधनाने इतका स्वच्छ होत नाही. उपाय: कोपर पृष्ठभागाजवळ ठेवून बोटं तळाकडे वळवायची, मग पंजा आणि कोपरापर्यंतचा हात मिळून पाणी मागे ढकलायचं. मुठी मिटून 25 मीटर, लगेच पंजे उघडून 25 मीटर, अशा चार जोड्या केल्या की हाताची पाण्यावरची पकड कळू लागते.

डोक्याची जागा नळीच सांगते. हनुवटी छातीकडे गेली तर नळी पुढे झुकते आणि पाणी शिरतं. समोर बघितलं तर मान अवघडते आणि कंबर खाली जाते. नजर तळाकडे, किंचित पुढे.

आता खोट. श्वासासाठी वळावं लागत नाही म्हणून शरीर सपाट राहू लागतं. खांदे वळले नाहीत तर हात पाण्याबाहेरून आणताना खांद्यावर ताण येतो. शिवाय नळीत सुधारलेला स्ट्रोक नळी काढताच बिघडतो, कारण श्वास शिकायचा राहूनच गेलेला असतो. म्हणून संपूर्ण सराव नळीत करू नये. माझ्या मते योग्य प्रमाण असं: 25 मीटर नळीसह, 25 मीटर नळीशिवाय, असे आठ, प्रत्येक वेळी 20 सेकंद विश्रांती. नळीशिवायच्या फेरीत श्वास घेताना गॉगलची एक काच पाण्यातच ठेवायची, उश्वास पाण्यात पूर्ण करायचा आणि तोंड बाहेर असताना पुढचा हात खाली पडू द्यायचा नाही.

प्रगती मोजायला 25 मीटरमधले स्ट्रोक (हात किती वेळा मारले) आणि सेकंद यांची बेरीज करावी; ती कमी होणं म्हणजे प्रगती. 24 स्ट्रोक आणि 32 सेकंद म्हणजे 56. नुसते स्ट्रोक कमी करायला गेलं की माणूस हात पुढे ताणून थांबून राहतो, वेग पडतो आणि बेरीज वाढते. तुलना फक्त स्वतःशी, त्याच लांबीच्या पूलमध्ये. नळीसह आणि नळीशिवायच्या आकड्यांतला फरक म्हणजे श्वासापायी वाया जाणारी मेहनत, हे ढोबळ मानाने धरायला हरकत नाही.

फ्लिप टर्न (भिंतीजवळ पाण्यात कोलांटी घेऊन वळणं) शिकला नसाल तर भिंत धरूनच वळा. उलटं होताना नळी पाण्याने भरते आणि वर आल्यावर एकाच जोरदार फुंकरीत रिकामी करावी लागते, त्यासाठी छातीत हवा राखून ठेवायला हवी.

पोहून झाल्यावर साध्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायची आणि उघड्यावर वाळवायची. बंद पिशवीत ओली राहिली की तोंडाच्या भागात काळी बुरशी धरते. खालची पाणी काढणारी झडप आधी खराब होते: कडा वळली किंवा कचरा अडकला की प्रत्येक श्वासाबरोबर घोटभर पाणी तोंडात येतं. झडप आणि तोंडाचा भाग सुटे मिळतात का, हे घेतानाच विचारून ठेवा.