अल्बर्ग ३०, बांधणी १९६७: तीन मोसम वापरल्यानंतर

अल्बर्ग ३० जातीची ही जुनी शिडाची बोट पाहायला गेले तेव्हा आतल्या शौचालयाचं दार लागत नव्हतं. वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायचं आणि शेवटचं बोटभर अंतर राहायचं. मालक म्हणाले, दमट हवेने लाकूड फुगलंय. मला ते पटलं. रत्नागिरीत पावसाळ्यात आमच्या घरची निम्मी दारं अशीच फुगायची.

ही गोष्ट सप्टेंबर २०२२ची, कॅनडातल्या लेक ओन्टारिओच्या काठावरची. मोसम संपत आला होता, बोट अजून पाण्यात होती, डोलकाठी उभी होती. मालक सत्तरी ओलांडलेले, त्यांना आता शिडं आवरत नव्हती. मागणी १४,००० कॅनडियन डॉलर. मी त्याच रात्री रत्नागिरीला अण्णांना व्हिडिओ दाखवला. आजोबा गलबतावर तांडेल होते, मंगळुरी कौलं मुंबईला न्यायचे, त्यामुळे अण्णांची नजर त्याच घरातली. त्यांनी केबिनचे गाद्या-पडदे पाहिलेच नाहीत. "तळ बघितलास काय गो? पठाण लांब आहे ना?" एवढंच विचारलं. पठाण म्हणजे बोटीच्या तळाचा कणा.

पठाण लांब आहे. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, खालून सुरू होऊन थेट सुकाणूपर्यंत गेलेला, आणि सुकाणू त्यालाच टेकलेलं. आत सुमारे ३,३०० पौंड लोखंड फायबरग्लासमध्ये बंद केलेलं. बोटीचं एकूण वजन ९,००० पौंड धरलं तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त वजन पाण्याखाली खोल बसलंय.

दुसऱ्या आठवड्यात सर्व्हेअर, म्हणजे बोटींची तपासणी करणारे, आले. माझी पहिली शिफारस इथेच: जुनी बोट घेताना सर्व्हेअर स्वतः निवडा, स्वतः पैसे द्या आणि पूर्ण वेळ त्यांच्यासोबत राहा. मी ७५० डॉलर दिले. या सगळ्या व्यवहारात इतकं मोल दुसऱ्या कशातूनच मिळालं नाही. त्यांनी आधी ते दार पाहिलं. मग छताखालच्या आडव्या तुळईला सरळ पट्टी लावली. तुळई मधोमध चार सूत खाली आलेली होती.

अल्बर्ग ३० पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावं. या बोटीची डोलकाठी तळापर्यंत जात नाही, केबिनच्या छतावर उभी असते. तिला चहूबाजूंनी धरणाऱ्या पोलादी तारा ताणल्या की ती खाली दाबली जाते, आणि तो सगळा भार छताखालच्या लाकडी तुळईवर येतो. तुळई वाकली की खालची चौकट वाकते आणि दार अडकतं. आमच्या बोटीत कुणा जुन्या मालकाने अँटेनाच्या वायरसाठी डोलकाठीच्या बुडाशी भोक पाडलं होतं आणि ते नीट बुजवलं नव्हतं. वर्षानुवर्षं थेंब थेंब पाणी तुळईत मुरलं. लाकूड फुगलं नव्हतं, कुजलं होतं.

मग सर्व्हेअरनी छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने डेक, म्हणजे बोटीचा वरचा चालायचा भाग, वाजवत नेला. भरीव जागी टक टक असा कोरडा आवाज येतो, आतला गाभा सडलाय तिथे तो ठप्प होतो. दहा मिनिटांत फरक माझ्याही कानाला कळू लागला. डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन थर आणि मध्ये गाभा. या जातीच्या सुरुवातीच्या बोटींत तो गाभा मेसोनाइटचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा असे, नंतर बाल्सा लाकडाचा आला. मेसोनाइटला पाणी लागलं की त्याचा ओल्या पुठ्ठ्यासारखा लगदा होतो. आमच्याकडे पुढच्या डेकवर, कठड्याच्या खांबांभोवती, साधारण दोन चटया अंथरता येतील एवढी जागा गेलेली होती. बोटीचं अंग मात्र भरीव फायबरग्लासचं आहे, त्यात गाभा नाही. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत टक टक वाजलं. साडेपाच दशकांनंतर!

अहवाल हातात ठेवून मी ९,५०० सांगितले. मालकांनी एक दिवस मागितला आणि हो म्हणाले. सोबत स्वतःच्या हाताने आखलेले सरोवराचे नकाशेही दिले, ते मी अजून वापरते.

या बोटीची जन्मकथा मला फार आवडते. टोरांटोच्या काही शिडाच्या बोटवाल्यांना शर्यतीतही चालेल आणि कुटुंबाला घेऊन लांबही जाता येईल अशी बोट हवी होती. स्वीडनमध्ये जन्मलेले डिझायनर कार्ल अल्बर्ग यांनी ती आखली आणि १९६२ पासून ओन्टारिओतल्याच व्हिटबी बोट वर्क्सने ती बांधली, पुढे ७५०हून जास्त. क्वेबेकचे ईव्ह जेलिना यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच एका अल्बर्ग ३० मधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दक्षिणेच्या समुद्रात डोलकाठी मोडली, ती दुरुस्त करून ते दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून घरी पोचले. लांब पठाणाच्या बोटींवरचा माझा भरवसा त्याआधीपासूनचा. एकट्याने कुठेही न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा १९६९ साली ज्या 'सुहैली'ने पुरी केली, ती आमच्या मुंबईत सागवानात बांधलेली.

आता चालवण्याबद्दल. बोट ३० फूट लांब पण रुंदीला पावणेनऊ फूटच, त्यामुळे वारा भरला की पटकन कलते. पहिल्यांदा बसणारे घाबरतात. वीसेक अंश कलली की मात्र खांदा टेकवल्यासारखी स्थिरावते आणि तिथेच राहते. मागेपुढे लांब झुकलेली टोकं पाण्याला टेकतात, पाण्यातली लांबी वाढते आणि वेग सहा नॉटला (ताशी साधारण अकरा किलोमीटर) जातो. त्याच्या वर जाणार नाही, कितीही शीड लावा. उलट मुख्य शीड जास्त ठेवलं तर सुकाणूचा दांडा हात ओढून काढतो. वारा पंधरा नॉटला पोचला की शिडाची पहिली गुंडाळी घेऊन ते थोडं लहान करायचं, बोट लगेच शांत होते आणि वेग कमी होत नाही. लेक ओन्टारिओच्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. हलक्या नव्या बोटी त्यांवर आपटतात, ही कापत जाते. टोरांटोहून समोरच्या नायगाराच्या काठावर सात तासांत गेलो तेव्हा माझ्या मुलाने वाटेत पूर्ण जेवण जेवलं.

हलक्या वाऱ्यात ती जड आहे, हे कबूल करायला हवं. जुलैतल्या दुपारी बाजूने सगळे पुढे निघून जातात. आणि मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यात, बोट मागे घेताना सुकाणू जवळजवळ ऐकत नाही. वाऱ्याच्या दिवशी मी काठावर दोरी धरायला माणूस असल्याशिवाय जागेवरून हलत नाही. आत जागा बेताची, चार जणांची झोप होते, उंची पुरेशी आहे. शौचालय, गॅस, पाण्याची टाकी ठीक.

खर्च मोकळेपणाने सांगते. तुळई १,८०० डॉलर. नव्या तारा ४,२००, कारण विमा कंपनीला जुन्या चालत नव्हत्या. डेकचं काम नवऱ्याने आणि मी केलं: वरचा थर कापला, लगदा खरवडला, नवा गाभा आणि इपॉक्सी भरलं, सहा शनिवार-रविवार गेले. पाण्याखालच्या पाचही छिद्रांचे कॉक (बंद करायच्या झडपा) काढून ब्राँझचे बसवले. मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी आधीच कुणीतरी यानमारचं डिझेल घातलं होतं, ते निर्धोक चालतं. तीन वर्षांत खरेदी धरून २०,००० पार झाले, शिवाय जागा, क्रेन आणि हिवाळ्याचं मिळून दरवर्षी साधारण ३,५००. विकायला काढली तर यातले निम्मेही येणार नाहीत. हे पैसे गेले असं धरूनच घ्यावी. ते परवडणार असेल तर मी हीच बोट घ्या म्हणेन. तुळई आणि डेक तपासा, हिवाळ्याआधी तळातलं पाणी पूर्ण काढा, नाहीतर ते लोखंडाभोवती गोठून पठाण उकलतं.

दर ऑक्टोबरला क्रेनने डोलकाठी उतरते, मे महिन्यात पुन्हा चढते. यंदाही चढली. तारा ताणून झाल्यावर मी शिडं लावण्याआधी खाली गेले आणि शौचालयाचं दार एका बोटाने लोटलं. खट्कन लागलं.