सायकलला मोटर बसवून चौदा महिने

कोल्हापुरातलं मंगळवार पेठेतलं घर ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, एका बाजूला साधारण दहा किलोमीटर. विद्यापीठाकडचा चढ ओढून पहिल्या पाळीला घामाघूम पोचणं जिवावर यायचं. म्हणून जुन्या गिअरच्या सायकलला मागच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॉटची हब मोटर बसवली. बॅटरीसकट किट २३,५०० रुपयांना पडलं. आज मीटरवर ५,२०० किलोमीटर आहेत. मोटरनं एकदाही त्रास दिला नाही. त्रास झाला तो तिच्या आजूबाजूच्या गोष्टींचा, आणि त्या कुणी आधी सांगितल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट एक्सलची. हब मोटर चाक फिरवते तेव्हा तेवढाच उलटा जोर एक्सलवर येतो. एक्सल फ्रेमच्या खाचेत नुसता दोन चपट्या बाजूंवर अडकलेला असतो. तिसऱ्या आठवड्यात चढावर कट्ट आवाज आला. पाहिलं तर खाच किंचित रुंदावली होती. उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांना दाखवलं. ते म्हणाले, "एक्सल गर्रकन फिरला की वायरी पिळून तुटणार बघा, मग मोटर गेलीच." त्यांनी सहा मिलिमीटरच्या पोलादी पट्टीला एक्सलच्या मापाची खाच पाडली आणि पट्टीचं दुसरं टोक फ्रेमच्या नळीला आवळून बसवलं. यालाच टॉर्क आर्म म्हणतात. किटमध्ये नसेल तर मोटर बसवायच्या आधी करून घ्या, माझ्यासारखं नंतर नको. आणि ॲल्युमिनियमच्या शॉकअपवाल्या पुढच्या चिमट्यात हब मोटर बसवायचा विचार करत असाल, तर नकोच.

बॅटरीनं खरी परीक्षा पाहिली. नवव्या महिन्यात डिस्प्लेवर दोन कांड्या शिल्लक असताना चढावर सगळं बंद पडायचं, बंद-चालू केलं की पुन्हा चालायचं. विक्रेता म्हणाला, बॅटरी पाठवून द्या. लिथियमची एवढी मोठी बॅटरी कुरिअरवाला घेईना. शेवटी इथल्याच बॅटरी दुरुस्त करणाऱ्या एका मुलानं माझ्यासमोर ती उघडली. आत तीस सेल, तीन-तीनचे दहा गट. एका गटातल्या एका सेलची निकेलची पट्टी खड्ड्यांच्या धक्क्यांनी सुटली होती. तीन सेलचं काम दोन करत होते, त्यामुळे जोर पडला की त्या गटाचा व्होल्टेज आधी घसरायचा आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट, सगळी बॅटरी बंद करायचं. पट्टी पुन्हा स्पॉट वेल्ड करून सगळे गट सारख्या व्होल्टेजला आणले, तेव्हापासून ठीक आहे. आता बॅटरीच्या खोबणीत रबर कापून घातलंय. हे काम घरी सोल्डरिंग आयर्ननं करू नका, सेल तापला की धोका आहे.

पावसाळ्यात दोन दिवस मोटर मेली असं वाटलं. निघालं काय, तर ब्रेकच्या दांडीतल्या स्विचमध्ये चिखल. ब्रेक दाबलेलाच आहे असं समजून कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) मोटरला वीज देत नव्हता. मोटर चालेना तर आधी ब्रेकच्या त्या स्विचची वायर काढून बघा. मोटरकडे जाणारी वायर एक्सलच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळतं, आत जात नाही.

पंक्चरवाले मागचं चाक बघूनच हात जोडतात. त्यांचं चुकत नाही, चाकातून वायर निघते. चाक न काढता टायरची एक बाजू उतरवून तेवढीच ट्यूब बाहेर ओढून पंक्चर काढता येतं. आमच्या कोपऱ्यावरच्या मामांना हे एकदा दाखवलं, आता ते बिनतक्रार काढून देतात. तरीही एक्सलच्या नटाचा १८ नंबरचा पाना बरोबर ठेवाच.

आता कायद्याचं. "२५० वॉट आहे, लायसन्स नको" एवढंच सगळे सांगतात, ते अर्धंच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये अटी आहेत: मोटरची अर्ध्या तासाची शक्ती (म्हणजे सलग अर्धा तास देऊ शकेल ती) पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. आणि या अटी अधिकृत चाचणी संस्थेनं तपासलेल्या असल्या पाहिजेत; आपल्या पुण्याची एआरएआय त्यातलीच. तेव्हा विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागा आणि ते नुसत्या मोटरचं आहे की पूर्ण वाहनाचं, हे वाचा. मी पैसे दिल्यावर मागितलं, हे चुकलं.

कंपनीतला एक पोरगा ३५० वॉटची घेऊन डिस्प्लेतली वेगमर्यादा काढून पळवतो. ती सायकल मग मोटार वाहन ठरते: नोंदणी नाही, विमा नाही. उद्या हायवेवर कुणाला धक्का लागला तर भरपाई त्याच्या खिशातून जाईल. परवा जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर नियम ठेवला. शनिवारी लेथवाल्या काकांकडे सायकल घेऊन येतो म्हणालाय, तिथेच मी वेगमर्यादाही परत लावून देणार आहे; ३५० वॉटची मोटर मात्र तरीही नियमात बसत नाही.